आयजीई ग्राही

मास्ट पेशी व बेसोफिल या ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील, आयजीई या ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडाला घट्ट धरून ठेवणारे प्रथिन. शास्त्रीय नाव 'एफसी एप्सिलॉन आर-१'. दमा, शीतपित्त आणि अन्नाची ॲलर्जी यांवरील औषधसंशोधन बरेचसे याच्याभोवती फिरते.

आयजीईचा शोध १९६६-६७ मधला. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्याने आणि उप्सालात योहान्सन व बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे लावला. चाहूल मात्र १९२१ सालीच लागली होती. क्युस्टनर या डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांचा रक्तरस त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, तर गांध उठली; म्हणजे ॲलर्जी घडवणारे काहीतरी रक्तरसातच होते.

ग्राहीत चार साखळ्या असतात: एक अल्फा, एक बीटा, दोन गॅमा. अल्फा बाहेर आयजीईला धरते, बाकीच्या संदेश आत पोचवतात. परागासारख्या पदार्थातले प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटले की ग्राही जवळ ओढले जातात, लिन व सिक ही विकरे कामाला लागतात आणि काही मिनिटांत पेशीतून हिस्टामिन हे ॲलर्जीची लक्षणे घडवणारे रसायन बाहेर पडते.

मग ग्राहीच प्रतिपिंडाने झाकून टाकला तर? अडचण अशी, की प्रतिपिंडाला दोन हात असतात. तो दोन ग्राही जोडून पेशीला उलट चेतवू शकतो. जुनाट शीतपित्ताच्या काही रोग्यांचे शरीर असे प्रतिपिंड स्वतःच बनवते. म्हणून ओमॅलिझुमॅब हे औषध ग्राहीला हात न लावता रक्तातले मोकळे आयजीई पकडते. आयजीई ज्या भागाने ग्राहीला चिकटते तोच भाग ते व्यापते, त्यामुळे आधीच बसलेल्या आयजीईशी त्याची गाठ पडत नाही.

खरा लाभ पुढचा आहे. आयजीई न मिळालेला ग्राही पृष्ठभागावर टिकत नाही. १९९७ च्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या उपचाराने बेसोफिलवरील ग्राहींची सरासरी संख्या सुमारे २,२०,००० वरून ८,३०० वर आली. अमेरिकेत या औषधाला २००३ मध्ये दम्यासाठी, २०१४ मध्ये जुनाट शीतपित्तासाठी व २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. आयजीईला याहून घट्ट धरणारे लिगेलिझुमॅब शीतपित्ताच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत ओमॅलिझुमॅबपेक्षा सरस ठरले नाही. नुसती पकड वाढवून भागत नाही, हे त्यातून दिसले. रेमिब्रुटिनिब ही गोळी पेशीच्या आत, ग्राहीच्या संदेशवाटेवरील बीटीके विकर अडवते. तिला अमेरिकेत २०२५ मध्ये शीतपित्तासाठी मान्यता मिळाली.

ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात ओमॅलिझुमॅब कामाचे नाही. तेव्हा ॲड्रेनॅलिनच टोचावे लागते.