थिन-फॅट देहयष्टी (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

वजनकाट्यावर माणूस सडपातळ भरतो, पण शरीरात मेद जास्त असतो आणि तो मुख्यतः पोटात साठलेला असतो, अशा ठेवणीला थिन-फॅट देहयष्टी म्हणतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही तिची ओळखीची खूण. ‘अंगावर मास नाही, त्याले कायची शुगर?’ असे वऱ्हाडातल्या गावांत सहज बोलले जाते. हा समज किती महागात पडू शकतो, ते या संकल्पनेमुळे कळते.

ती रुजली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या रुग्णांपेक्षा तरुण होते आणि बारीकही. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीच्या फऱ्याखालची कातडीची घडी त्या मानाने जाड होती. कमी वजनाच्या बाळानेही मेद राखून ठेवला होता. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुढे, २००८ मध्ये, याच गावांतून आणखी एक धागा हाती आला: गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली.

मेद हा नुसता साठा नाही. मेदपेशी लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन यांसारखी संप्रेरके रक्तात सोडतात. कातडीखालचा मेद कणगीसारखा असतो. तिच्यात मावते तोवर धान्य सुरक्षित. कणगी लहान असली की उरलेला मेद यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जाऊन बसतो. आतड्यांभोवतालच्या मेदातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृतात पोहोचतात, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि साखर चढू लागते.

अशा शरीराला खाण्यातले आणि कष्टातले बदलही भोवतात: विदर्भात ज्वारीच्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला, ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले आणि तणनाशकामुळे निंदणाचे कष्टही घटले. रक्तदाबाचा त्रास मधुमेहाच्याच कुटुंबातला, आणि त्यातून पक्षाघात ओढवू शकतो. गडचिरोलीच्या ८६ गावांतील ‘सर्च’ या संस्थेच्या अभ्यासात २०११ ते २०१३ या काळातील जवळपास दर सातवा मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला.

अशा शरीरात वजनापेक्षा कंबर अधिक खरे बोलते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका गुणांनी मोजणारा तक्ता) भरतात, त्यात कमरेचा घेर विचारलेला असतो: पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंमीच्या पुढे गुण चढतात. पट्टी कुठे लावायची, यातच चुका होतात. लुगड्याच्या निऱ्यांवरून किंवा धोतराच्या गाठीवरून मोजले तर आकडा फसवा येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पट्टी अंगाला टेकवून पण न आवळता धरायची. कमरेचा करदोडा वजन न वाढताही आवळू लागला, तर तीही दखल घेण्याजोगी गोष्ट.

विदर्भापुरती एक अडचण मात्र वेगळी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, एसएस पॅटर्नच्या (आई-वडील दोघांकडून सिकलचा दोष आलेल्या) रुग्णाची त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने झालेल्या ॲनिमियात तो खोटा चढू शकतो. म्हणून सिकलच्या रुग्णात उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर यांवरच निदान ठरवावे लागते, आणि तपासणीला जाताना सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.