बेन-गुरियन यांची कबर जेरुसलेमला का नाही?

इस्रायलचे बरेचसे पंतप्रधान जेरुसलेमच्या माउंट हर्झलवर पुरलेत, एश्कोल, गोल्डा मेयर, राबिन सगळे तिथेच. पण १४ मे १९४८ ला तेल अवीवमधे ज्यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली ते डेव्हिड बेन-गुरियन मात्र पार दक्षिणेत, नेगेवच्या वाळवंटात एका कड्याच्या टोकाशी आहेत. हे काही आयत्या वेळी ठरलेलं नव्हतं.

देशाची निम्म्याहून जास्त जमीन नेगेवमधे आणि माणसं सगळी समुद्रकिनाऱ्याकडे दाटलेली, हे त्यांच्या डोक्यात कायम असायचं. १९५२ मधे काही तरुण पोरांनी तिथे स्दे बोकेर नावाचा किबुत्झ, म्हणजे सगळं सामायिक असलेली शेतीवस्ती, काढला, बेन-गुरियननी रस्त्याने जाताना ही मंडळी बघितली, चौकशी केली आणि १९५३ च्या शेवटी चक्क पंतप्रधानपद सोडून तिथे राहायला गेले, वय ६७, आणि काम काय तर मेंढ्या बघायच्या! १९५५ मधे परत सरकारात आले ते आधी संरक्षणमंत्री आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा पंतप्रधान, १९६३ ला परत राजीनामा आणि परत तीच लाकडी झोपडी. ती आता म्युझियम आहे, पुस्तकंच पुस्तकं, आणि झोपायच्या खोलीत भिंतीवर फोटो कुणाचा तर गांधीजींचा.

१९६८ मधे बायको पॉला गेली तेव्हा त्यांनी किबुत्झमधली जागा न घेता थोडं पुढे, खाली झिनची दरी पसरलेली दिसते असा कडा निवडला, म्हणजे स्वतःचीही जागा तेव्हाच ठरली म्हणायची. १ डिसेंबर १९७३ ला ते गेले, अरब देशांशी योम किप्पुरचं युद्ध नुकतंच झालेलं, देश सुन्न होता, आणि त्यांची इच्छाच होती की कबरीवर भाषणं नकोत, म्हणून ती झालीच नाहीत. पुढाऱ्याच्या अंत्यविधीला भाषण नाही, आपल्याकडे कल्पना तरी करवेल का?

आज तो भाग नॅशनल पार्क आहे. आराखडा लिपा याहालोम आणि दान झूर या जोडीचा, दोघं लँडस्केपवाले. त्यांनी कोरड्या ओढ्यासारखी वळणावळणाची वाट ठेवली, कडेला वाळवंटातलीच झाडंझुडपं, त्यामुळे दरी आधी दिसतच नाही, शेवटी एकदम समोर येते. दोन साध्या दगडी शिळा, त्यांच्यावर नाव, जन्ममृत्यूची साल आणि या भूमीत कधी आले ते साल, बेन-गुरियनचं १९०६. पंतप्रधान होते वगैरे एक शब्द नाही. लोक वर छोटे खडे ठेवून जातात, ज्यू रिवाज आहे तो, आणि मोठ्या शिंगांचे आयबेक्स, म्हणजे रानबोकडच, आरामात चरत असतात.

एक मात्र सांगायला हवं, नेगेव काही रिकामं पडलेलं नव्हतं. बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, पिढ्यान्‌पिढ्या तिथे होते, १९४८ च्या युद्धात त्यातले बहुतेक गेले किंवा हाकलले गेले, उरले त्यांना नेगेवमधल्याच बीरशेबा शहराजवळच्या एका पट्ट्यात कोंबलं आणि १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली ठेवलं. पार्कात फिरताना ही बाजू सहज लक्षात येत नाही.

आणि वाळवंटात वस्ती करायच्या याच धोरणातून १९५५ मधे दिमोना गाव उभं राहिलं, तिथे आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मोठ्या संख्येने राहायला आले. म्हणून बेन-गुरियनच्या कबरीपासून गाडीने तासाभराच्या आत तुम्हाला मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटू शकतात.