नेस्टेड आणि इनर: एका शब्दाचा घोळ

क्लास म्हणजे प्रोग्राममधला साचा, आणि त्यातून घडते ती एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासच्या आत क्लास लिहिण्याची सोय जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आधीची. १९६७ च्या सिम्युला भाषेतही होती. सी++ मध्ये सुरुवातीला आतल्या क्लासचं नाव बाहेरही तसंच चालायचं, ते १९९० च्या सुमारास बंद झालं.

घोळ सुरू झाला १९९७ मध्ये, जावा १.१ पासून. बटण दाबल्यावर काय करायचं ते लिहिण्यासाठी इनर क्लास आला आणि त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टला बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक छुपा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे नेणारा धागा, चिकटला. बटणासाठी तो हवाच होता. पण काहीच न लिहिता तो मिळावा आणि नको असेल तर ‘स्टॅटिक’ लिहावं, हे उलटंच झालं. शब्दांचं म्हणाल तर आत लिहिलेला कुठलाही क्लास नेस्टेड, त्यातला स्टॅटिक नसलेला तेवढा इनर. म्हणजे ‘स्टॅटिक इनर क्लास’ असं काही नसतंच, तरी मुलाखतीत हमखास विचारतात. आम्हा इंदूरकरांच्या तोंडी तर क्लाससुद्धा हिंदीच्या वळणानं ‘ती’ होते, आणि नेस्टेड काय, इनर काय, दोन्ही ‘अंदरवाली’.

विजयनगरच्या एका ऑफिसात इंदूर-पुणे बसच्या बुकिंगचं काम माझ्याकडे होतं. ‘ट्रिप’च्या आत मी ‘सीट’ लिहिली, स्टॅटिक लिहायचं राहिलं. रद्द झालेल्या सीटा रिफंडच्या यादीत पडून राहायच्या. बस पुण्याला पोचून परत आली तरी अख्खी ट्रिप, सगळ्या प्रवाशांसकट, मेमरीत तशीच. हीप डंप (मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) उघडला तर प्रत्येक सीटमध्ये ‘धिस-डॉलर-शून्य’ नावाचं एक फील्ड. मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. हाच तो छुपा रेफरन्स, त्यानं ट्रिप धरून ठेवली होती.

२००२ च्या सी-शार्प भाषेनं हा रेफरन्स ठेवलाच नाही. २०१६ मध्ये कॉटलिन भाषेचं १.० आलं, त्यात तो हवा असेल तर ‘इनर’ असं लिहून मागावा लागतो. जावात २०१४ च्या लॅम्डांनी, म्हणजे जागच्या जागी लिहायच्या बिननावाच्या फंक्शनांनी, बटणांचं बरंचसं काम काढून घेतलं. आता आतल्या क्लासला उरलं ते मुख्यतः हॅशमॅपमधल्या (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणाऱ्या क्लासमधल्या) ‘नोड’सारखं, म्हणजे एकेक जोडी सांभाळायचं, काम: बाहेर कुणाला लागत नाही, बाहेरच्या ऑब्जेक्टशी देणंघेणं नाही, आणि म्हणून स्टॅटिक. जुना नियम जावानं बदलला नाही, जगभरचा कोड मोडला असता. पण २०२१ मध्ये जावा १६ बरोबर रेकॉर्ड, म्हणजे नुसता डेटा ठेवायचे छोटे क्लास, पक्के झाले, आणि क्लासच्या आत रेकॉर्ड लिहिला की तो न सांगता स्टॅटिक असतो.