दहा मिनिटं आम्ही तुमच्याकडे नुसतं बघत का बसतो?

आमच्या दवाखान्यात कंबर किती दुखते, दहापैकी आकडा सांगा असं विचारलं की उत्तरं दोनच. रावेर-यावलकडचा केळीचे घड वाहणारा गडी म्हणतो "काही नई भो, थोडंसं दुखतं" आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रोवतो. दुसरा सांगतो दहापैकी दहा, आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावतो. खोटं कोणीच बोलत नाही बरं का, पण नुसत्या आकड्यावरून आम्हाला सगळं कळत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या वर दुखणं असलं की आम्ही ही दहा मिनिटांची तपासणी करतो.

यात मशीन नाही, सुई नाही. बसायचं, उभं राहायचं, चालायचं, आडवं पडायचं, परत उठायचं. तुमची हरकत नसेल तर मोबाईलवर शूटिंग करतो. मग ते बघताना २० सेकंद बघायचं, १० सेकंद लिहायचं, असे वीस तुकडे होतात. बघायच्या गोष्टी पाचच: अंग चोरून अडखळत हलणं, हात टेकवून भार तोलणं, कंबर चोळणं, तोंड वेडंवाकडं होणं, सुस्कारा. पद्धत आमची नाही, अमेरिकेत कीफ आणि ब्लॉक या दोन संशोधकांनी १९८२ साली मांडलेली आहे. समजा आज वीसपैकी तेरा तुकड्यांत तुम्ही अंग चोरलं आणि दीड महिन्याच्या व्यायामानंतर पाचात, तर फरक पडला हे तुम्हालाही दिसतं, नाहीतर "जसंच्या तसं आहे" हेच ऐकू येतं.

सोबतच्या माणसाला मात्र आम्ही बाहेर बसवतो, राग मानू नका. घरचं काळजी करणारं माणूस समोर असलं की कण्हणं वाढतं, काहींचं उलट, सासऱ्यांसमोर सूनबाई तोंडातून हूं काढत नाही, आणि ती कापूस वेचून वेचून वाकलेली असते.

सुस्कारे कमी म्हणजे दुखणं कमी असं आम्ही धरत नाही, आणि जास्त म्हणजे नाटक असंही नाही. दुखणं मोजता येत नाही, वागणं मोजता येतं, एवढंच.

येताना सैल कपडे घाला, दुखण्याची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. आणि पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, तर आमच्याकडे येत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.