खेळासाठी .२२ पिस्तूल: परवान्याचा अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि निवड

विजय कुमारचे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधले रौप्य आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतचे २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेतले सुवर्ण, ही दोन्ही पदके .२२ रिमफायर, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या काडतुसाच्या, पिस्तुलाने मिळाली. ती पाहून रेंजवर येणाऱ्या मुलामुलींचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या पालकांचा, पहिला प्रश्न असतो, ‘पिस्तूल कोणते घ्यायचे?’ माझे आग्रहाचे सांगणे आहे की हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी खेळाची नोंद तयार होऊ द्या, मग परवाना, मग पिस्तूल. क्रम उलटा केला की अर्ज अडतो आणि पैसे चुकीच्या वस्तूत जातात.

सुरुवात एअर पिस्तुलाने करावी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन दुकानातून घेता येते. दहा मीटरवर उभे राहणे, श्वास, निशाण आणि ट्रिगर यांचा मेळ बसला की .२२ पिस्तुलाचे पंचवीस मीटरवरचे काम निम्मे झालेले असते. त्यापुढे क्लबच्या परवान्यावरचे .२२ पिस्तूल प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवावे.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो: ‘रायफल क्लबचे सदस्य झालो की परवाना लागत नाही.’ शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावातल्या .२२ रायफल किंवा एअर रायफलसाठी जी सूट आहे ती शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेपासून आहे, परवान्यापासून नाही. पिस्तूल तर त्यात येतही नाही. स्वतःचे .२२ पिस्तूल बाळगायचे तर परवाना हवाच. विनापरवाना शस्त्र हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि तिथे ‘खेळासाठी होते’ हे कारण चालत नाही.

वय आणि पात्रता

परवान्यासाठी सर्वसाधारणपणे वय २१ पूर्ण हवे. त्याखालच्या पण १२ वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षणासाठी आणि सरावासाठी, जाणत्या प्रशिक्षकाच्या थेट नजरेखाली शस्त्र वापरता येते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीच्या पालकांनी घाई करू नये. तिचा खेळ क्लबच्या पिस्तुलावर उत्तम पुढे जाऊ शकतो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर ५ वर्षे परवाना मिळत नाही. मानसिक स्थिती ठीक नसेल किंवा चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून दिलेला असेल, तरीही अर्ज थांबतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने मात्र परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. साध्या घरातून येणाऱ्या खेळाडूंनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून ५ वर्षे झाली, तीही याच दुरुस्तीने. नेमबाजांना यापलीकडे सवलत आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार कनिष्ठ आणि होतकरू नेमबाजाला सवलतीत २ शस्त्रे, तर नामवंत नेमबाजाला एका स्पर्धाप्रकारात नाव असेल तर ८, दोन प्रकारांत १० आणि त्याहून जास्त प्रकारांत १२ पर्यंत ठेवता येतात. नेमबाजांसाठी .२२ काडतुसांच्या खरेदीची मर्यादाही १,००० वरून ५,००० वर गेली. सरावात काडतुसे किती झपाट्याने संपतात हे ज्याने पाहिले आहे त्याला या बदलाची किंमत कळेल.

‘नामवंत’ हा शब्द इथे मोघम नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष किंवा महिला खुल्या गटात भाग घेऊन नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एनआरएआयने, ठरवलेले किमान गुण मिळवलेले असावे लागतात. तिथवरची वाट जिल्हा, राज्य आणि पुढे अखिल भारतीय ग. वा. मावळंकर स्पर्धेतून जाते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर हेच एनआरएआयचे संस्थापक. महाराष्ट्रातल्या खेळाडूने क्लबमार्फत राज्य संघटनेशी आणि एनआरएआयशी आपली नोंदणी वेळेत जोडून घ्यावी. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रक जपून ठेवावे. अर्ज उभा राहतो तो याच कागदांवर.

अर्ज आणि कागदपत्रे

वैयक्तिक अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो आणि तो एनडाल-एलिस या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरतात. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा आयुक्तालयांच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. इतरत्र जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी कार्यालय.

जोडायला लागतात ती पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, नमुना एस-३ मधले शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी. खेळाडूने यासोबत क्लबचे सदस्यत्व, एनआरएआयचे ओळखपत्र, राज्य संघटनेचे शिफारसपत्र आणि गुणपत्रके द्यावीत. अर्जात कारण विचारतात तिथे ‘खेळ’ किंवा ‘लक्ष्यसराव’ एवढेच लिहा. काही जण सोबत ‘स्वसंरक्षण’ही घालतात. मग धोका कोणापासून, तक्रार कधी केली, असे प्रश्न निघतात आणि खेळाची सरळ फाईल वाकडी होते.

मग पोलीस चौकशी. ठाण्यातून घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील, शस्त्र कुठे ठेवणार ते पाहतील. भिंतीला पक्के केलेले कुलूपबंद कपाट आधीच करून ठेवा, आणि काडतुसांसाठी वेगळी कुलपाची जागा. घरात लहान मुले असतील तर यात तडजोड नकोच. नियमांनुसार पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. त्यामुळे पोचपावती आणि अर्ज क्रमांक जपा. परवाना नाकारला तर कारणे लेखी मागा. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

पिस्तूल निवडताना

परवाना हातात आला की निवडीचा प्रश्न खरा ठरतो. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असते, घोडा तिथेच आदळतो. धक्का कमी, आवाज कमी, काडतूस तुलनेने स्वस्त, म्हणून शिकायला हेच योग्य. पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत बसणारेच पिस्तूल घ्या: वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, पुढच्या-मागच्या निशाणांतले अंतर २२० मिलिमीटरपर्यंत आणि ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचा. स्पर्धेत ट्रिगरवर वजन टांगून तपासतात, तेव्हा काठावरचा ट्रिगर नको. खिशात मावणारे छोटे .२२ रिव्हॉल्व्हर लवकर मिळत असले तरी लक्ष्यसरावाला त्याचा उपयोग नाही.

पार्दिनी, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ ही नावे रेंजवर कानावर येतील. सगळी चांगली आहेत. निवड ठरते ती ग्रिपवर, म्हणजे मुठीवर. ग्रिप तळहाताच्या मापाची आणि उजव्या किंवा डाव्या हाताची हवी, आणि पिस्तूल उचलल्यावर मनगट न वळवता निशाण समोर यायला हवे. विकत घेण्याआधी दोन-तीन प्रकारची पिस्तुले हातात धरून, शक्य असेल तर चालवून पाहा. आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही: बहुतेक रिमफायर पिस्तुलांत रिकामा घोडा आपटला की चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, कड खराब होते. ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे काडतुसाशिवायचा सराव, तर रोज करायची असते. म्हणून त्याची सोय असलेले मॉडेल घ्या किंवा डमी काडतूस वापरा.

परदेशी पिस्तूल हौस म्हणून मागवता येत नाही. आयातीची वाट एनआरएआयच्या शिफारशीने, पात्र नेमबाजासाठी आहे. नवोदिताला ज्येष्ठ खेळाडूचे वापरलेले पिस्तूल हा बरा मार्ग असतो. तिथे दोघांकडेही परवाना हवा, आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही. ‘आधी घेऊन जा, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. स्पर्धेत उतरणाऱ्या एनआरएआय सदस्य खेळाडूंना त्यातून सूट दिली जाते, पण ओळखपत्र आणि स्पर्धेचे पत्र घेऊन ती वेळीच मागावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान ६० दिवस आधी करा आणि त्यासोबत मधल्या पाच वर्षांतली गुणपत्रके जोडा.