पाणी येतं त्याच्या दुसऱ्या रात्री

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा माणसांची सोय बघून येत नाही. आमच्या मामांच्या गल्लीत कधीकधी ते रात्री दोनला येतं. मामी मोटर लावते, मामा पाइप धरून टाकी, बॅरल, हंडे, झालंच तर पातेलीसुद्धा भरून घेतात. पाठ टेकायला साडेतीन वाजतात. गंमत अशी, की दुसऱ्या रात्री मामा ढाराढूर झोपतात. आणि हेच मामा दोन वर्षांपासून "डोळ्याला डोळा लागंना बघ" म्हणून सगळ्यांना सांगत असतात.

मामांची उभी हयात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर गेली. चादरी विणल्या, दिवसपाळी केली, रातपाळी केली. रातपाळी करून आले की शेजारच्या मागांच्या खटखटाटात भरदुपारी झोपायचे. काम सुटलं, घर शांत झालं आणि झोप उडाली. मग त्यांनी कुणीही करेल तोच उपाय केला: रात्री नऊलाच अंथरुणात शिरायचं. 'लवकर आडवं झालं तर थोडी तरी लागेल.' सकाळी सहापर्यंत पडून राहायचं, आणि दुपारी जेवल्यावर पुन्हा तासभर. माझ्या मते त्यांचा आजार इथेच मुरला.

झोपेचं गणित झुरिकचे झोप-संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलं, आणि झोपेचे अभ्यासक अजूनही त्याच्याच आधाराने बोलतात. आपल्या झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. एक म्हणजे झोपेची भूक. जितका वेळ जागे, तितकी ती वाढते. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, तसे डोळे जड होतात. चहा-कॉफीतलं कॅफिन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि प्यालेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा चहा मध्यरात्रीपर्यंत अंगात असतो तो असा. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी असतं आणि उजेड बघून आपली वेळ जुळवून घेतं. रात्र झाली की ते शरीराचं आतलं तापमान थोडं उतरवतं, आणि झोपेला ही उतरण हवी असते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडत राहतो आणि शरीराला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. जुनी माणसं माळवदावर अंथरूण टाकायची, त्यामागे हेच होतं.

दिवसभर शेंगा-फुटाणे तोंडात टाकत राहिलं, तर रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आली तरी घास उतरत नाही. दुपारची झोप आणि नऊचं अंथरूण यांनी मामांच्या झोपेच्या भुकेचं तसंच केलं होतं. पाण्याच्या रात्री दीड-दोन तास जागरण व्हायचं, भूक साचायची, म्हणून दुसऱ्या रात्री झोप लागायची. मामा मात्र म्हणायचे, पाणी भरून दमलो म्हणून लागली.

आता 'नीट झोप' म्हणजे काय, हेही एकदा बघायला हवं. आपली रात्र साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी बनते. गाढ झोप बहुतेक सगळी पहिल्या काही तासांत उरकते, आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. मध्ये मध्ये जाग सगळ्यांनाच येते, तरण्याताठ्यांनाही. काही सेकंदांची असते, सकाळी आठवत नाही. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि ही जाग लांबते. मॉरिस ओहायन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 65 अभ्यास एकत्र केले. त्यात 5 ते 102 वर्षांची 3,577 निरोगी माणसं होती आणि वयाचा उतार त्यांच्यातही स्पष्ट दिसला. निरोगी माणसं, हे महत्त्वाचं. पासष्टीला रात्री दोनदा जाग आली म्हणजे रोग जडला असं नव्हे.

'पूर्वीची माणसं दिवेलागणीला झोपायची' हेही आपण उगाच धरून बसलोय. 2015 मध्ये टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने अशा जुन्या पद्धतीने जगणाऱ्या तीन समाजांच्या झोपेची मोजणी प्रसिद्ध झाली. यांच्याकडे तेव्हा वीज नव्हती. तरी ही माणसं सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून जास्त वेळ जागी असायची आणि प्रत्यक्ष झोपायची सुमारे 5.7 ते 7.1 तास. त्यातल्या दोन समाजांच्या भाषेत निद्रानाशाला शब्दच नाही.

आठवड्यातून तीन रात्री तरी झोपेचा त्रास, तो तीन महिने चाललेला आणि दिवसाच्या कामावर परिणाम, एवढं जमलं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मामांच्या बाबतीत तिन्ही जमलं होतं. (मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं हे वेगळं दुखणं, त्याची तपासणी वेगळी.) अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं, की अशा रुग्णाला आधी गोळी नको, सवयी आणि विचार बदलणारा उपचार द्या. त्यातले दोन भाग मला फार आवडतात. एक रिचर्ड बूटझिन यांचा, 1972 चा: अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मामा टीव्हीसमोर खुर्चीत डुलक्या घेतात आणि गादीवर गेले की टक्क जागे होतात. गादीची आणि जागरणाची अशी गाठ बसते, ती सोडवायची.

दुसरा भाग आर्थर स्पीलमन यांचा, 1987 चा, आणि तो ऐकून मामी भडकलीच. डॉक्टरांनी मामांना दोन आठवडे वहीत वेळा लिहायला लावल्या. अंथरुणात नऊ तास, झोप सरासरी सहा. "म्हणजे अंथरूण सहाच तास," डॉक्टर म्हणाले. रात्री साडेअकराला आडवं व्हायचं, पहाटे साडेपाचला उठायचं, दुपारची झोप बंद, रात्री भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही. अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्के झोपेत जायला लागला, की पंधरा पंधरा मिनिटं वाढवायची. "झोप येत नाही म्हणून आलो, तर हे अजून जागं ठेवायलेत!" असं मामी रिक्षात बसेपर्यंत बोलत होती. हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. फिट येणाऱ्यांना, काही मानसिक आजारांत आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांना तो धोक्याचा ठरू शकतो, आणि अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली आणत नाहीत.

पहिला आठवडा वाईट गेला. मामा चिडचिडे झाले, दुपारी कट्ट्यावर बसल्या बसल्या मान टाकायला लागले, मामीने दोनदा चहाच्या कपासकट हलवून उठवलं. तिसऱ्या आठवड्यात फोन केला तर म्हणाले, "झोप लागायलीय. पण साडेअकरापर्यंत जागं कसं राहायचं ते विचार की डॉक्टरला. दहालाच डोळे मिटायलेत."