समलिंगी विवाह : कायदा आणि सातारा–सांगलीचा मुलूख

दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या लग्नाला कायद्याने दिलेली मान्यता. जगात ती प्रथम नेदरलँड्सने दिली (१ एप्रिल २००१). आशियात तैवान (२०१९) आणि थायलंड (जानेवारी २०२५) यांनी कायदा लागू केला. नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर २०२३ साली लमजुंग जिल्ह्यात अशा एका विवाहाची नोंद झाली. भारतात समलिंगी संबंध हा गुन्हा उरलेला नाही आणि लग्नाला मान्यताही नाही. जोडपे मधल्या मध्ये लटकलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. पुढे धर्म न पाहता नोंदणीने लग्न लावणाऱ्या विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये समलिंगी जोडप्यांनाही जागा मिळावी म्हणून याचिका झाल्या. त्या कायद्यात वयाची अटच ‘पुरुषाला २१, स्त्रीला १८’ अशी लिहिलेली असल्याने प्रश्न नुसत्या शब्दांच्या अर्थाचा राहिला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सहजीवनाला तरी कायदेशीर दर्जा असावा, असे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्या. संजय किशन कौल यांचे मत होते. तिघांनी ते नाकारले. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीने भिन्नलिंगी जोडीदाराशी केलेले लग्न मात्र प्रचलित कायद्यात बसते, हेही त्याच निकालात आहे. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. दरम्यान २०२४ साली केंद्राने शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खाते यांबाबत खुलासे काढले. म्हणजे रेशनपुरते एक घर, वारसाहक्काला दोन परके.

सुनावणीच्या काळात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लीम धर्मगुरूंची संघटना एकाच बाजूला, विरोधात, दिसले. दुसरीकडे ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातील चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून मुलांसाठी लग्नाचा हक्क मागितला. केंद्राने राज्यांना मत विचारले तेव्हा राजस्थान, आसाम व आंध्र प्रदेश यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने वेळ मागितला. पोराने घरात नको तो विषय काढला की वडीलधारी ‘बघू पुढं’ म्हणतात, त्याचेच हे सरकारी रूप.

लग्न कशाने लागते, हा वाद या मुलखाला नवा नाही. महात्मा फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. भटजीविना लग्न लावण्याची सत्यशोधक रीत १८७३ पासूनची आणि साताऱ्यात ती खोल रुजली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता) हुंडा, मानपान, वाजंत्री यांना फाटा देऊन ‘गांधी विवाह’ लावले. भटजी आणि इंग्रज सरकार दोघांनाही बाजूला ठेवून लागलेली ही लग्ने टिकली, कारण गाव साक्षीला उभे राहिले. समलिंगी जोडप्याची अडचण नेमकी इथे आहे : त्याच्याकडे सरकारी दप्तरही नाही आणि गावही नाही.

जोगत्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेले पुरुष, म्हणजे जोगते, लुगडे नेसतात, देवी विधवा होते त्या रांडाव पुनवेला तिच्याबरोबर बांगड्या फोडतात आणि ती पुन्हा सवाष्ण होते त्या अहेव पुनवेला पुन्हा भरतात. जतच्या यल्लम्मा यात्रेत लोक त्यांच्या पाया पडतात. पण ‘आपल्याकडे हे पहिल्यापासून मान्यच आहे’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. जोगत्याला मान मिळतो तो देवीचा म्हणून. त्याने माणसाशी संसार थाटावा, ही त्यात सोय नाही.

सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या ‘मुस्कान’ गटात देहविक्रय करणारे पुरुष व पारलिंगी संघटित आहेत. तिथे लग्नाच्या आधीचे प्रश्न येतात : पोलिसांचा त्रास, दवाखान्यातली वागणूक, घरच्यांनी जबरदस्तीने ठरवलेली सोयरीक. शेवटचा सगळ्यांत अवघड, कारण त्यात आणखी एका घरची मुलगी फसते. आणि उद्या कायदा बदलून विशेष विवाह कायदाच लागू झाला, तरी त्यात ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते. कराड किंवा मिरजेसारख्या गावात आंतरजातीय जोडपीसुद्धा त्या फळ्याला बिचकतात. भावकीतला एखादा माणूस तिथे दस्ताच्या कामाला आलेला असतोच.